साउथ डकोटाचा बर्फ, फेझंट आणि मिलीचे पंजे

फेझंट म्हणजे कोंबड्यासारखा, लांब शेपटीचा रानपक्षी, आणि त्याची शिकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे ऑक्टोबर येतो, सोनेरी गवत, छान ऊन, जॅकेट काढून कमरेला बांधलेलं. आम्ही गेलो ते ख्रिसमस उरकल्यावर, मिनियापोलिसहून, बाहेर उणे पंधरा असताना. आम्ही म्हणजे मी, आमचे शेजारी आणि त्यांची मिली. शेजारी पासष्टीचे आहेत, घरी मराठीत बोलताना मी त्यांना काकाच म्हणते म्हणून इथेही तेच लिहितेय. मिली ही इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनिअल जातीची कुत्री, पांढरी आणि तपकिरी, कानांना, पोटाला आणि पायांना लांब मऊ केसांच्या झालरी. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला रोज फिरवायचं काम माझ्याकडे आलंय, त्यामुळे यंदा त्यांनीच सांगितलं की बंदूक मी सांभाळतो, कुत्री तू सांभाळ. मी बंदूक चालवत नाही, तरी पाखरं उठवायला सोबत चालणार म्हणून माझंही लायसन्स काढलं, नियमांच्या बाबतीत काका एकदम पक्के.

मिनियापोलिसहून २१२ नंबरचा हायवे धरला की तो सरळ पश्चिमेला नेतो, ग्रॅनाइट फॉल्स, माँटेव्हिडिओ, मग मिनेसोटाची हद्द ओलांडून साउथ डकोटात वॉटरटाउन, क्लार्क, डोलंड आणि शेवटी रेडफील्ड. साधारण पाच तास, रस्ता कोरडा असेल तर. डोलंड हे ह्युबर्ट हम्फ्री लहानाचे मोठे झाले ते गाव, अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते ते, त्यांच्या वडिलांचं तिथे औषधांचं दुकान होतं. गाव केवढं तर पुढच्या मिनिटाला संपतं. बाकी वाटेवर धान्य साठवायचे उंच एलिव्हेटर, रेल्वेचे रूळ, कापणी झालेली मक्याची शेतं आणि त्यावर वाऱ्याने घासून कडक झालेला बर्फ. मला हा सपाट प्रदेश फार आवडतो, लोक बोअर होतं म्हणतात पण तिथे आकाश जेवढं दिसतं तेवढं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

रेडफील्ड स्वतःला जगाची फेझंट राजधानी म्हणवतं आणि त्यामागे कारण आहे. हा पक्षी मुळात इथला नाहीच, आशियातला, चीनकडचा. १९०८-०९ च्या सुमाराला इथल्या शेतकऱ्यांनी स्पिंक काउंटीत, म्हणजे रेडफील्ड ज्या जिल्ह्यात येतं तिथे, फेझंट सोडले, ते इतके रुजले की ३० ऑक्टोबर १९१९ ला याच काउंटीत राज्याचा पहिला शिकारीचा सीझन झाला, फक्त एका दिवसाचा. १९४३ मध्ये तो राज्यपक्षी झाला. दुसऱ्या महायुद्धात इथून जवळच अ‍ॅबरडीनच्या स्टेशनवर आगगाडीने जाणाऱ्या सैनिकांना गावोगावच्या बायका फेझंटचे सँडविच फुकट वाटायच्या, अजून लोक त्याबद्दल अभिमानाने सांगतात.

आपल्याकडचे लोक हे वाचून विचारणार की शिकार कशी काय चालते तुला. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. इथलं गणित वेगळं आहे. फक्त नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. एक नर अनेक माद्यांशी जोडी जमवतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीची पिल्लं कमी होत नाहीत. दिवसाला माणशी तीन, बस. बंदुका आणि काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने जो कर लागतो तो थेट वन्यजीवांच्या कामाला जातो, लायसन्सचे पैसेही तिकडेच. फेझंट खरे मरतात ते गवत नांगरल्यामुळे. १९८५ पासून सरकार शेतकऱ्यांना काही जमीन पडीक गवताखाली ठेवायचे पैसे देतं, ती योजना जोरात असते तेव्हा पक्षी वाढतात, गवत मोडून मका-सोयाबीन लावलं की घटतात. हे मला काकांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय, गाडीच्या खिडकीतून शेतं दाखवत दाखवत समजावलं.

सीझन ३१ जानेवारीपर्यंत असतो पण डिसेंबरच्या शेवटचे फेझंट म्हणजे सगळ्यातून वाचलेले, त्यांनी दोन महिने माणसं, कुत्री, गाड्यांची दारं सगळं ऐकलेलं असतं. गाडीचं दार नुसतं आपटलं तरी शेताच्या पलीकडच्या टोकाने पन्नास पाखरं उडून जातात. म्हणून दार दाबून लावायचं, बोलायचं नाही, शिट्टी नाही, कुत्र्याच्या गळ्यात घंटा नाही. सकाळी दहाच्या आधी बंदूक चालवायची परवानगी नाही, त्यामुळे दहापर्यंत गाडीत कॉफी पीत बसायचं आणि नकाशा बघायचा. शासनाने खासगी शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या जमिनी असतात, त्यांना वॉक-इन एरिया म्हणतात, कडेला पाटी असते, कुणीही पायी आत जाऊ शकतं. पाणथळीच्या सरकारी जागांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टीलसारखे बिनविषारी लागतात, कारण शिसं बदकांच्या पोटात जातं.

थंडी वाढली की फेझंट उघड्या गवतात राहत नाहीत, कॅटेलमध्ये शिरतात. आपल्या तळ्याकाठचं पाणकणीस असतं ना, त्याचीच दाट डोक्याएवढी उंच रानं, तळाला गोठलेलं पाणी. वारा आत येत नाही, बर्फ वर अडकतो, खाली पाखरांचे बोगदे. काका लांबच्या टोकाला जाऊन गुपचूप उभे राहायचे आणि मी आणि मिली वाऱ्याच्या तोंडावर आत घुसायचो. आत चालणं म्हणजे काय ते सांगता येत नाही, मांडीपर्यंत मोडलेले देठ, पाय टाकला की बर्फाची कडक साय फुटते आणि खाली पाय अडकतो, मस्करॅटच्या, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याच्या, घराजवळ तर बर्फ पातळ असतो म्हणून तिथून लांबून जायचं. मिली मात्र नाक खाली, शेपटीचं बुडखं गरागरा फिरतंय, मधेच तिचा वेग एकदम बदलतो आणि तेव्हा कळतं की पुढे नर आहे आणि तो पळतोय. नर आधी उडत नाही, पळतो. मग कोपऱ्यात सापडला की धडाडत वर येतो, ती लांब शेपटी, गळ्यातली पांढरी कड, तांब्यासारखी छाती आणि ओरडतो असा की आपलंच काळीज थांबतं. मादी उठली की मी ओरडायची "हेन!" म्हणजे काका बंदूक खाली घ्यायचे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते, मिलीचे पाय. ऑक्टोबरात कुत्र्याचा प्रश्न असतो उष्णतेचा आणि कुसळांचा, डिसेंबरात प्रश्न फक्त पंजाचा. तिथे पाय गेला की दिवस गेला आणि बिचारं कुत्रं सांगत नाही. मिली तर अजिबात सांगत नाही, पाखराचा वास आला की तिला दुखणं आठवतच नाही. म्हणून दर थोड्या वेळाने मी तिला बसवून चारही पाय बघायची, तिला आवडो न आवडो.

पहिल्या दिवशी दुपारी कॅटेलच्या बाहेर येताना ती थांबली, डावा पुढचा पाय उचलून धरला आणि दातांनी बोटांमधलं काहीतरी ओढायला लागली. मी गुडघ्यावर बसले, ग्लोव्ह काढला आणि पंजा उलटा केला. मधल्या दोन बोटांच्या फटीत सुपारीएवढा बर्फाचा गोळा, केसांना घट्ट धरून बसलेला, आणि त्याच्या आत एक सँडबर, म्हणजे चहूबाजूंनी काटे असलेलं गवताचं बी. प्रत्येक पावलाला ते काटे आत रुतत होते. असला गोळा ओढायचा नाही, केस कातडीसकट ओढले जातात. मी पंजा दोन्ही तळव्यांत धरून ठेवला, तोंडाची वाफ सोडली, बर्फ सैल झाला तसा बोटांनी चुरला, मग चिमट्याने काटा काढला. कातडी लाल झालेली पण फाटलेली नव्हती. तिने एकदा माझी हनुवटी चाटली आणि गेली परत कॅटेलमध्ये. माझी बोटं पुढची दहा मिनिटं बधिर होती.

हे गोळे होतात केसांमुळे. स्प्रिंगरच्या बोटांमधले केस लांब असतात, अंगाच्या उबेने बर्फ वितळतो, लगेच गोठतो, त्यावर आणखी चिकटतो. निघायच्या आधी आम्ही बोथट टोकाच्या कात्रीने तळव्याच्या पातळीला केस कापले होते, पण बोटांच्या मधले अगदी मुळापासून नाही काढायचे, थोडे राहू द्यायचे नाहीतर कातडी उघडी पडते. त्या दिवसापासून मात्र सकाळी मेण लावणं पण सुरू केलं, मशर्स सिक्रेट नावाचं मेण मिळतं, मूळ कॅनडातल्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी बनवलेलं, पॅडवर, म्हणजे पंजाखालच्या जाड गादीवर, आणि बोटांच्या मधे चोळायचं, दुपारी परत. पोटाच्या आणि पायांच्या झालरींवर काका स्वयंपाकाचा तेलाचा स्प्रे मारतात, जुने शिकारी तेच करतात, आणि गोळे खरंच कमी धरतात.

लोक विचारतात की बर्फात कुत्र्याचा पाय गोठत कसा नाही. पॅडच्या आत चरबी असते ती सहज गोठत नाही, आणि पंजातल्या धमन्या आणि शिरा एकमेकींना इतक्या चिकटून असतात की थंड होऊन परत निघालेलं रक्त वाटेतच शेजारच्या गरम रक्ताने तापतं. म्हणजे थंडी पंजातच राहते, अंगात जात नाही. किती सुंदर रचना आहे ही! पण ही रचना थंडीसाठी आहे, कापण्यासाठी नाही. फुटलेल्या बर्फाची कड काचेसारखी धारदार असते, आणि मक्याची धसकटं गोठली की खिळेच.

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मक्याच्या कडेने येताना बर्फावर मिलीच्या पावलांबरोबर लाल ठिपके दिसले. मागच्या उजव्या पायाचं मोठं पॅड आडवं कापलेलं, वजन पडलं की जखम उघडायची. पॅडच्या जखमेतून रक्त खूप येतं, घाबरून जायला होतं, पण आधी दाबून धरायचं. सलाईनने धुतलं, आत माती-काडी काही नाही ना ते बघितलं, गॉझ ठेवून वर वेट रॅपची, म्हणजे स्वतःलाच चिकटणारी, पट्टी. पट्टी सैलसर हवी, बोटं सुजली किंवा गार पडली तर ताबडतोब सोडायची. दोन वाजले होते, काकांकडे एकच नर होता आणि समोर अख्खं कॅटेल पडलेलं. मी म्हटलं मिली आता चालणार नाही. काकांनी काही न बोलता बंदूक उघडली, काडतुसं काढली आणि तिला उचलून गाडीकडे निघाले, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर, वीस किलोचं कुत्रं घेऊन. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो आधी इतका कधी वाटला नव्हता.

मोटेलमध्ये पार्किंगला बर्फ वितळवायचं केमिकल टाकलेलं असतं, ते पॅडला झोंबतं आणि कुत्रं चाटतं म्हणून पोटात जातं, तेव्हा तिला उचलूनच आत नेलं. बाकीचे तीन पाय कोमट पाण्याने धुतले, बोटांच्या मधे टॉवेलने कोरडे केले. दुखतंय म्हणून आपल्या गोळ्या कुत्र्याला कधीच द्यायच्या नाहीत, आयबुप्रोफेन तर त्यांना विष आहे. काकांनी गावातल्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी टाके घातले नाहीत, पॅडवर टाका नीट टिकत नाही, अंगाचं वजन पडून तुटतो, स्वच्छ ठेवा आणि चालवू नका एवढंच सांगितलं.

शेवटच्या दिवशी मिली गाडीत, मी एकटी कॅटेलमधून काठी आपटत चालले. कुत्र्याशिवाय नर शेजारी दबून बसतात आणि आपण पुढे निघून जातो. काकांनी एक पाडला, तो सुद्धा शोधायला आम्हाला अर्धा तास लागला, मिली असती तर मिनिटाचं काम. घरी पोचेपर्यंत पाखराला डोकं किंवा पंख किंवा पाय तसाच ठेवावा लागतो, नर आहे हे तपासता यावं म्हणून. घरी आल्यावर मी तंगड्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दोन तास शिजवल्या, म्हाताऱ्या नराच्या तंगडीत ताठ शिरा असतात त्या आधीच ओढून काढाव्या लागतात, रस्सा झकास झाला आणि काकूंनी भाकरीची रेसिपी पण मागून घेतली.

मिलीचं पॅड आता भरलंय, पण नवीन कातडी अजून गुलाबी आणि मऊ आहे. काका विचारत होते की ३१ जानेवारीच्या आत एकदा जाऊन यायचं का. मी नाही म्हटलं, आधी तिला रस्त्यावरून, मग खडीवरून चालवून पॅड कडक होऊ देत. त्यांनी ते ऐकलं, आणि पुढच्या सीझनसाठी रबरी बूट मागवले, आतून बारीक मोजे घालता येतील असे एक साईझ मोठे. ते घालून ती सध्या आमच्या ड्राइव्हवेवर रोज दहा मिनिटं चालते, सुरुवातीला पाय उंच उचलत होती, आता पळायला लागलीय.