तुम्ही विचारलेत म्हणून: वजन तेच आहे, मग काळजी कसली?

फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना पन्नाशी ओलांडलेली माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात: “माझे वजन तिशीत होते तेवढेच आजही आहे, मग रक्तातली साखर का वाढली आणि तुम्ही मला ताकदीचे व्यायाम का सांगता?” प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र वजनकाटा केवळ एकूण भार सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्याला कळत नाही. स्नायूंना पुरेसे काम दिले नाही, तर तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. म्हणूनच वजन वर्षानुवर्षे स्थिर राहिले असेल, तर गेलेल्या स्नायूंची जागा बहुधा चरबीने घेतलेली असते. वजन आणि उंची यांवरून काढल्या जाणाऱ्या बीएमआय या आकड्यालाही हा फरक दिसत नाही.

साखर वाढण्याचे एक मोठे कारण इथेच आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा इन्सुलिनच्या सांगण्यावरून स्नायू उचलतात आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. स्नायू कमी झाले, किंवा आहेत तेही दिवसभर निष्क्रिय राहिले, की ही साठवण अपुरी पडते आणि तेवढीच साखर हटवण्यासाठी शरीराला अधिक इन्सुलिन स्रवावे लागते. याउलट काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतो. जेवणानंतरच्या चालण्याने साखर उतरते ती यामुळेच.

यावरून चरबी शत्रू ठरते असे मात्र मी कधीही म्हणणार नाही. भूक आटोक्यात ठेवणारे लेप्टिन हे संप्रेरक तीच तयार करते. शरीरातली चरबी फारच घटली, तर स्त्रियांची पाळी थांबू शकते आणि हाडे विरळ होतात. ज्यांच्या शरीरात चरबीच्या पेशी जवळजवळ नसतात, अशा दुर्मीळ आजाराच्या रुग्णांना तर तीव्र स्वरूपाचा मधुमेह होतो, कारण साठायला योग्य जागा नसल्याने मेद यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो. तेव्हा प्रश्न चरबी कुठे साठते याचाही आहे. त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात सोडते आणि त्यातून इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, यकृतातला मेद व हृदयविकाराचा धोका वाढत जातो. ती अजमावण्याचा सोपा मार्ग म्हणजे कमरेचा घेर मोजणे: तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीला ८० सेंटिमीटरच्या आत.

स्नायूंसाठी मी पहिल्याच भेटीत खुर्ची पुढे करते आणि हात छातीवर घडी घालून उठायला सांगते. “वजन ठीक आहे” असे सांगणारी कित्येक माणसे इथे अडखळतात. पाऊल मागे सरकते, धड पुढे झुकते आणि घडी सुटून एक हात नकळत मांडीवर टेकतो. मांडीची ताकद ओसरल्याची ही खूण मला बीएमआयपेक्षा अधिक बोलकी वाटते. याच माणसांना पुढे पडण्याचा धोका असतो. शिवाय मोठ्या आजारपणात शरीर प्रथिनांसाठी स्नायू मोडू लागते, तेव्हा ज्यांच्याकडे ते मुळातच कमी असतात, त्यांना सावरायला जास्त वेळ लागतो.

उशीर झाला का, असे विचारणाऱ्यांना मी १९९० सालचा अमेरिकेतला एक अभ्यास आवर्जून सांगते. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातल्या अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. तो व्यायाम देखरेखीखाली झाला होता, हेही लक्षात ठेवावे. हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असणाऱ्यांनी सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. इतरांनी आठवड्यातून किमान दोन दिवस पाय, पाठ, छाती आणि खांदे यांना हळूहळू वाढता भार द्यावा.

वजन खरोखरच जास्त असणाऱ्यांनीही केवळ उपाशी राहून ते उतरवू नये, कारण तसे उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींचा असतो. पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांनी हे नुकसान बरेच टळते. माझ्याकडे येणाऱ्यांच्या कमरेचा घेर घटत असेल आणि हात न टेकता उठणे जमू लागले असेल, तर वजनाचा आकडा हलला नाही म्हणून मी त्यांचा व्यायाम बदलत नाही.