कोळंबी, खेप बारावी: तव्यावरचं तळं आटलं

मंडळी, रविवारी दुपारी पहिल्यांदाच कोळंबीनं तव्यावर पाणी सोडलं नाही. मसाला अंगाला धरून राहिला, कडा तांबूस झाल्या आणि दाताखाली ती टचकन तुटली. सासूबाई अलिबागच्या. त्यांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतली.

तव्यावर पाणी न सोडणारी, कोरडी खरपूस कोळंबी जमावी म्हणून चार महिने मी हाच एक पदार्थ पुन्हा पुन्हा करून बघतेय, ही त्याची बारावी खेप. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून सहा ते दहा या खेपा गोठवलेल्या सोलीव कोळंबीवर केल्या आणि दर वेळी रडगाणं तेच. बीडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा, कोळंबी टाकायची, अर्ध्या मिनिटात खाली पांढरट फेसाळ पाणी. मसाला त्यात वाहून जाणार, पाणी आटायला पाच-सहा मिनिटं, आणि तोवर कोळंबीचं खोडरबर. रवा लावून पाहिला, तांदळाचं पीठ लावलं, नवव्या खेपेत कॉर्नफ्लॉवर लावलं (त्याचा चिकट लगदा झाला, पुन्हा नाही). आठ-आठच्या घाण्यात टाकली तेव्हा पाणी कमी झालं, थांबलं मात्र नाही.

मग मी सगळा राग पाकिटावर काढला. तो अगदीच चुकीचा नव्हता. मागे बारीक अक्षरात आयएनएस 451 हा मिश्रकाचा क्रमांक लिहिलेला होता, म्हणजे ट्रायपॉलीफॉस्फेट. ते मांसात पाणी धरून ठेवतं, म्हणजे कोळंबीच्या भावात आपण पाणीही विकत घेतो. वरचा बर्फ उतरवून, निथळून वजन केलं तर 500 ग्रॅमचे 410 भरले. माझं स्पष्ट मत: पाकीट घ्यायचंच असेल तर घटकांत फक्त कोळंबी आणि मीठ असेल तेच घ्या, आणि 31/40 पेक्षा (म्हणजे पौंडात 31 ते 40 नग) बारीक तव्यासाठी घेऊ नका. बारीक कोळंबीला रंग येईपर्यंत ती आतून होऊन गेलेली असते.

बंदी उठल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी सातला गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेले. डोक्यासकट, कवच चकचकीत, डोकं घट्ट, कुठे काळं पडलेलं नाही, अशी एक किलो मिळाली. नेहमीच्या ताई सोलून देत होत्या, मी नको म्हटलं. डोकी मात्र घरी येताच काढली. पचनाची विकरं डोक्यात असतात, ती मागे झिरपली की मांस पिठूळ होतं. कोळंबी घाट चढून पुण्यात येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे हे काम संध्याकाळवर टाकून चालत नाही.

आणि एवढं करूनही अकराव्या खेपेत तव्यावर पाणी! त्या दिवशी मी गॅस बंद करून बाहेर जाऊन बसले. त्या खेपेत पहिल्यांदाच खाण्याचा सोडा वापरला होता. सोड्यानं मांस किंचित अल्कधर्मी होतं, प्रथिनं एकमेकांना कमी आवळतात आणि पाणी आतच राहतं. मी मीठ, सोडा, आलं-लसणाचं वाटण, आगळ (कोकमाचा आंबट रस), मसाला असं सगळं एकत्र चोळून तासभर ठेवलं होतं. थोडं फसफसलं, पण मी लक्ष दिलं नाही.

उत्तर मिळालं हळदीकडून. बाराव्या खेपेत अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला आधी फक्त पाऊण चमचा मीठ आणि पाव चमचा सोडा लावून, झाकण न घालता अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली. मग फडक्यानं टिपून हळद चोळली, तर हळद चक्क तांबूस झाली. क्षणभर वाटलं हळदीतच भेसळ आहे. मग आठवलं, हळदीच्या डागाला साबण लागला की तो असाच लाल होतो. एका कोळंबीवर आगळाचा थेंब टाकला, तर तेवढीच जागा पुन्हा पिवळी. म्हणजे अकराव्या खेपेत आगळानं सोडा संपवून टाकला होता, फसफसलं ते त्याचंच. शिवाय दर खेपेला आंबटानं तासभर आधीच प्रथिनं आवळून ठेवलेली आणि वाटणाचं पाणी वर, मग तवा तरी काय करणार?

म्हणून आगळ आणि ओलं वाटण दोन्ही बाजूला ठेवलं. मालवणी मसाला चमचाभर तेलात कालवून लावला, लसूण ठेचून तेलात परतून बाजूला काढला. एका बाजूनं दीड मिनिट, उलटून पाऊण मिनिट. थर्मामीटर 63 अंश सेल्सिअसला आला की खाली. 65 च्या पुढे ॲक्टिन हे मांसातलं प्रथिन आवळू लागतं आणि पाणी पिळून बाहेर येतं, तिथवर जाऊच द्यायचं नाही. ताटलीत काढल्यावर वरून चमचाभर आगळ आणि तो लसूण. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कच्च्या कोळंबीला आगळ कधी चोळलंच नाही गं. कालवणात आमसुलं शेवटीच टाकायची." चार महिने मी हे त्यांना विचारलं नव्हतं.

सोडा पाव चमच्याच्या वर नेऊ नका. उरलेल्यातल्या मूठभर कोळंब्यांना थोडा जास्त लावून पाहिला, तर बुळबुळीत झाल्या आणि चव साबणाची आली. हळद लालभडक दिसली तर सोडा जास्त झाला असं समजा. ही खूण मला मोजमापापेक्षाही भरवशाची वाटते.

पुढची खेप भुजण्याची ठरली होती, पण लिहिता लिहिता बेत बदलतोय. फ्रीजरमध्ये किलोभर कोळंबीची डोकी आणि सालं आहेत. कोळंबीचा केशरी रंग तेलात उतरतो, मग ती डोकी-सालं मंद आचेवर तेलात परतून, गाळून त्याच तेलावर कोळंबी का टाकू नये? आणि त्याच डोक्यांचं पाणी खिचडीच्या तांदळाला, सोडा लावलेली कोळंबी मात्र शेवटच्या तीन मिनिटांत वरून. आजवर मी ती तांदळाबरोबरच शिजवत आले. भुजणं आता चौदाव्या खेपेला.

तेल खोबरेल घ्यावं की शेंगदाण्याचं, हे ठरत नाहीये. आज रात्री दोन कढल्यांत चार-चार डोकी टाकून बघते.