सोमवारी या

आज सोलापुरातील एका कार्यालयात मुलीच्या दाखल्यासाठी साडेतीन तास बसून राहावे लागले, आणि सकाळीच घरच्या प्रार्थनेत धीर मागणारा मी तासाभरातच खिडकीपलीकडच्या बाईंवर आवाज चढवून मोकळा झालो. शेजारच्या बाकावर मंगळवेढ्याकडचे एक वयस्कर शेतकरी होते. "सायेब, घाई करून कणीस भरत न्हाई," एवढेच बोलून ते पुन्हा तंबाखू मळू लागले. मला बायबलमधील याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे 7वे वचन आठवले, ज्यात भूमीच्या पिकासाठी पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहणारा शेतकरी आहे. त्या देशात, म्हणजे इस्राएलात, पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीच्या वेळी आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये दाणे भरताना येतो; आपल्या मालदांडी ज्वारीला मात्र बहुधा काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच चार महिने काढावे लागतात. त्या वचनातील 'धीर धरणे' यासाठीच्या मूळ ग्रीक शब्दात राग लांबणीवर टाकण्याचा अर्थ आहे, नुसते बसून राहण्याचा नव्हे. (बसून तर मीही राहिलोच होतो.) निघताना खिडकीपाशी जाऊन क्षमा मागितली, बाईंनी मान वर न करताच "सोमवारी या" असे सांगितले.