हँडओव्हर नोट्स

रात्रीचे साडेबारा वाजलेत, सगळे झोपलेत आणि मी अजून बॅगेपाशीच बसलोय. परवा पहाटेची फ्लाइट आहे. बॅग भरायला तसा अर्धा तास पुरतो मला, हात आपोआप चालतात, बॉयलर सूट तळाला, सेफ्टी शूज कडेला आणि कागद सगळे खांद्याच्या पिशवीत. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे जहाजावरच्या नोकरीचं नोंदपुस्तक, सीओसी म्हणजे अधिकारी म्हणून पात्रतेचा दाखला, यलो फीवरच्या लसीचं कार्ड, मेडिकल. मेडिकल फार तर २ वर्षं चालतं म्हणून त्याची तारीख तीनदा बघितली.

कॉन्ट्रॅक्ट ६ महिन्यांचं आहे पण परत यायची तारीख मी यावेळी कुणालाच सांगितलेली नाही. २०२० मध्ये सांगितली होती, बायकोने कॅलेंडरवर गोल केला होता, आणि मग बंदरं बंद झाली, क्रू चेंज थांबले, जगभरात जवळपास ४ लाख लोक कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकले त्यातला मी एक. सलग ११ महिन्यांच्या वर कुणाला ठेवायचं नाही असा नियम आहे, पण रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी येणारा माणूसच येऊ शकत नसेल तर उतरणार कसं? लेक तेव्हा जेमतेम वर्षाची. मी घरी आलो तरी ती मोबाइलकडे बोट दाखवून बाबा म्हणायची, मी तिच्या शेजारी बसलेलो असायचो. ते अजून आठवलं की घशात काहीतरी अडकतं.

आज संध्याकाळी मी बायकोसाठी दोन पानं लिहिली. जहाजावरून उतरताना रिलीव्हरला हँडओव्हर नोट्स द्यायच्या असतात, मी सेकंड ऑफिसर, त्यामुळे चार्ट म्हणजे समुद्राचे नकाशे कुठपर्यंत करेक्ट केलेत, जीएमडीएसएसच्या, म्हणजे संकटात संपर्क करायच्या रेडिओ यंत्रणेच्या बॅटऱ्या कशा आहेत, औषधांच्या कपाटात कशाची एक्सपायरी जवळ आलीय असं सगळं लिहायची सवयच आहे. तसंच घराचं लिहिलं, विम्याचा हप्ता, वीजबिल, गाडीची सर्व्हिसिंग, आईच्या गोळ्या. तिने शांतपणे वाचलं, पेन घेतलं आणि आईच्या गोळीचं नाव खोडून दुसरं लिहिलं. म्हणाली, ही डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात बदललीय. मी तेव्हा घरात होतो, सुट्टीवर! बाकीचं वाचताना माझ्याच लक्षात आलं की यातलं एकही काम मी तिच्याकडे सोपवत नाहीये, ते सगळं कधीपासून तिच्याकडेच आहे. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, तिचीच चालू होती. मी मधेमधे येऊन ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, उभा राहत होतो एवढंच.

मग मी म्हटलं, तूच मला दे हँडओव्हर. तिने मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं. लेकीला फोनवर शाळा कशी होती असं विचारू नकोस, ती "छान" म्हणून गप्प बसते, आज डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं ते विचार. आईला आवाज नीट ऐकू येत नाही पण ती सांगत नाही, हळू बोल. आणि शेवटी, मी चिडलेली वाटले तर लगेच फोन ठेवू नकोस. हा कागद पासपोर्टच्या आत ठेवलाय.

लेकीला घड्याळाचं सांगून ठेवलंय, जहाज पूर्वेला चाललं की आमची वेळ पुढे जाते, पश्चिमेला चाललं की मागे, दर १५ अंश रेखांशाला १ तास. माझी वॉच १२ ते ४, दुपारीही आणि रात्रीही. तिला फक्त एवढंच हवं होतं की ती झोपते तेव्हा मी जागा असतो का. म्हटलं बऱ्याचदा असतो. मग तिला बरं वाटलं.

तिचा खालचा पहिला दात हलतोय आठवडाभर, रोज जिभेने ढकलून दाखवते, बाबा जायच्या आधी पडायला हवा म्हणते. आत्ताच जाऊन टॉर्चच्या उजेडात बघून आलो, तोंड थोडं उघडं होतं.

अजून आहे.