हरिण, भाचा आणि आईचा गोडा मसाला

न्यूझीलंडचा भाचा सध्या ग्वाल्हेरला आलाय, आज जेवायला आमच्याकडे होता. दुसऱ्या पोळीला पठ्ठ्या सहज म्हणाला, "आजी, एप्रिलमध्ये हरणाच्या शिकारीला गेलो होतो." आईच्या हातातला तुपाचा चमचा तसाच हवेत. "अरे, त्या हरणापायीच रामायण घडलं!"

मग त्याने समजावलं. वटवाघळं सोडली तर तिथे जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. तांबडी हरणं इंग्रजांनी नेली, १८५१ पासून, हौसेखातर. वाघ नाही, बिबट्या नाही. कळप वाढले, जंगल ओरबाडू लागले. म्हणून सरकारी जंगलात शिकारीचा परवाना मिळतो, तोही फुकट! एप्रिलमध्ये नर माजावर येऊन डरकाळ्या फोडतात. मोबाइलवर आवाज ऐकवला, तर थेट आमच्या गल्लीतला रेडा. बाबांनी चक्क टीव्ही बंद केला.

दोन दिवस हा नुसता डोंगर चढत होता. वारा फिरला, माणसाचा वास लागला, की हरिण पसार. पोटरीवर काट्यांचे ओरखडे अजून दिसतात. तिसऱ्या दिवशी एक मिळालं, ते मांस पाठीवर लादून खाली उतरला.

दुपारी त्याला जयविलास राजवाडा दाखवला. पेंढा भरलेल्या वाघांपुढे बराच वेळ गप्प उभा होता. मी बजावलं, "१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर इथे असला उद्योग केलास तर तुरुंग!"

निघताना आईने हळूच विचारलंच, "शिजवलं कोणी रे?"

"मीच. तू पाठवलेला गोडा मसाला घालून."