हवाईयन भाषेचे लेखन आणि उच्चार

अमेरिकेच्या हवाई राज्याची राजधानी होनोलुलू येथे भाड्याच्या घरांच्या जाहिराती चाळताना “लानाइ” हा शब्द हमखास आढळतो. त्याचा अर्थ व्हरांडा. जवळच्या एका बेटाचे नावही तेच असल्याचा नवख्याचा समज होतो. परंतु ते नाव “लाना‘इ” असे असून, त्यात “ना” म्हटल्यावर आवाज क्षणभर घशात अडवून मग “इ” म्हणावा लागतो. ही अडवणूक दाखवणाऱ्या चिन्हाला ओकिना म्हणतात. दिसायला ते उलट्या स्वल्पविरामासारखे असले, तरी हवाईयन वर्णमालेतील ते स्वतंत्र व्यंजन आहे. ते धरून आठ व्यंजने आणि पाच स्वर, एवढ्यांवर ही भाषा लिहिली जाते.

स्वरावरील आडवी रेघ, म्हणजे काहाको, तो स्वर दीर्घ असल्याचे सांगते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल शाई पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगायला नको. मात्र येथे ए आणि ओ हेही ऱ्हस्व व दीर्घ असतात आणि तेथे आपली देवनागरी अपुरी पडते.

या भाषेत जोडाक्षरे नाहीत आणि प्रत्येक शब्द स्वरानेच संपतो. तो स्वर गिळायचा नसतो. राजकन्या लिकेलिके हिच्या नावाच्या महामार्गाला नवे रहिवासी इंग्रजी वळणाने “लाइकलाइक” म्हणतात, ते यामुळेच चुकीचे ठरते. रोमन लिपीतील “डब्ल्यू” हा इ किंवा ए नंतर बहुधा दंतोष्ठ्य, म्हणजे वरचे दात खालच्या ओठाला लावून, तर उ किंवा ओ नंतर ओठ गोल करून उच्चारतात. आपला “व” या दोहोंच्या मधला असल्याने मराठी माणसाचे बरेचसे निभावते.

१८२० मध्ये आलेल्या अमेरिकी मिशनऱ्यांनी ही लिपी बसवली. त्याआधी “होनोरुरू” असेही लिहिले जाई, कारण र आणि ल यांत बोलणारे भेद करीत नसत. १८२६ मध्ये अशी जादा अक्षरे वगळण्यात आली. ओकिना आणि काहाको मात्र बहुधा लिहिले जात नसत, आणि घरात भाषा ऐकत वाढलेल्यांचे त्यावाचून अडतही नसे. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि ऐकून शिकण्याची ही परंपरा खिळखिळी झाली. १९७८ मध्ये हवाईयनला राज्यभाषेचा दर्जा मिळाल्यानंतर पुस्तकांतून शिकणारे वाढले; या चिन्हांची खरी गरज त्यांना आहे. येथील राज्य विद्यापीठ आपल्या नावात ओकिना आवर्जून लिहिते, तर हवाईला अमेरिकेचे राज्य करणाऱ्या १९५९ च्या कायद्यात राज्याचे नाव ओकिनाविनाच आहे.