फेअरवे वुड कोणता घ्यावा? तुम्ही विचारलंत म्हणून

गोल्फ खेळणारी मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात : चेंडू उंच उडवेल आणि फटका जरा चुकला तरी सांभाळून घेईल, असा फेअरवे वुड (मैदानाच्या कापलेल्या गवतावरून लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) कोणता? बहुतेकांना कंपनीचं नाव हवं असतं. मी आधी लॉफ्ट, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू किती मागे कललेली आहे, ते विचारतो.

३ वुडचा लॉफ्ट साधारण १५ अंश, ५ वुडचा १८ आणि ७ वुडचा २१. स्विंगचा वेग बेताचा असेल, तर गवतावर ठेवलेला चेंडू १५ अंशांत पुरेसा उचललाच जात नाही. तो खालून निघतो आणि लवकर पडतो. अशा खेळाडूच्या हातात ५ वुडची कॅरी (जमिनीला टेकेपर्यंत चेंडूने हवेतून कापलेलं अंतर) बहुधा ३ वुडइतकीच भरते, कधी जास्तही. शिवाय लॉफ्ट वाढला की बॅकस्पिन, म्हणजे चेंडूची मागच्या दिशेची फिरकी, वाढते आणि चेंडू डावी-उजवीकडे कमी वळतो. म्हणजे चूक सांभाळून घेण्याचं निम्मं काम लॉफ्टच करतो. शाफ्टही (क्लबची दांडी) अर्धा-एक इंच आखूड होतो, त्यामुळे चेंडू फेसच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मधोमध लागणं सोपं जातं.

आता हेड, म्हणजे दांडीच्या टोकाचा जाड भाग, बघा. चेंडूचा व्यास ४२.६७ मिमी, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिमी वर. फेस मागे कललेला असल्यामुळे तो चेंडूला त्याच्याही खाली भिडतो. हेडचा गुरुत्वमध्य त्या जागेपेक्षा बराच वर असेल, तर चेंडू खालून निघतो आणि नको तितका फिरतो. म्हणून फेस उंचीला कमी हवा, वजन तळाशी आणि मागच्या बाजूला हवं. वजन मागे असलं की फटका टो (हेडचं बाहेरचं टोक) किंवा हीलकडे (दांडीजवळचं टोक) लागला तरी हेड कमी पिळतं. वजन पुढे आणलेली हेड्स स्पिन कमी करतात. ती वेगवान स्विंगवाल्यांसाठी ठीक.

लॉफ्ट बदलता येणाऱ्या क्लबबद्दलही विचारणा होते. सोय चांगलीच आहे, पण लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, म्हणजे आत वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग डावीकडे झुकतो. स्लाइसवाल्याला (ज्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो) हे पथ्यावर पडतं, हुकवाल्याला (ज्याचा डावीकडे वळतो) नाही. आणि ३ वुडचा लॉफ्ट कितीही वाढवला तरी शाफ्टची लांबी तीच राहते.

७ वुड म्हणजे वयस्कांचा क्लब, असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. अमेरिकी गोल्फपटू डस्टिन जॉन्सनने २०२० ची मास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत ७ वुड होता, आणि तो जगातल्या लांब मारणाऱ्यांपैकी एक. उंचावरून उभा उतरणारा चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबतो, हे त्याला हवं होतं. त्याच मैदानावर १९३५ साली जीन साराझेनने पंधराव्या होलवर सुमारे २३५ यार्डांवरून थेट होलमध्ये चेंडू घातला, तो ४ वुडने.

शाफ्ट तुमच्या ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) शाफ्टपेक्षा हलका नको, एवढं पाळा.

घेण्याआधी मात्र खऱ्या गवतावरून मारून बघा, टीवरून (चेंडू ठेवायच्या खुंटीवरून) नको. मॅटवरही नको, क्लब चेंडूच्या मागे जमिनीला लागला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चूक झाकली जाते. फेसवर पावडरचा पातळ थर द्या, म्हणजे चेंडू कुठे लागला त्याचा गोल ठसा दिसेल. दोन क्लब घेऊन आळीपाळीने मारा. सगळ्यात लांब गेलेला चेंडू मोजू नका. ठसा मध्यापासून बोटभर सरकलेला असतानाही ज्या क्लबचा चेंडू वर उठून फेअरवेवरच पडतो, तो घ्या. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत तो ५ किंवा ७ वुडच निघेल.